परवानगीचा पडदा 'नाही' दाबून बघा

मागच्या महिन्यात लातुरात मोबाइलमधल्या खासगी माहितीवरची एक चर्चा ऐकायला गेलो होतो. व्यासपीठावर दोघं. पहिले वकील. त्यांचं म्हणणं, आपली माणसं न वाचता 'हो' दाबतात, कॅमेरा उघडून देतात आणि मग बोंब मारतात. गावोगाव प्रबोधन झालं पाहिजे. दुसरे ॲप बनवण्याच्या धंद्यातले. ते म्हणाले, खासगीपण हे पुण्या-मुंबईचं चोचलं आहे, गावाकडच्या माणसाला काम झाल्याशी मतलब, आणि परवानगी विचारणारा एक पडदा वाढवला की माणसं ॲप सोडून जातात. टाळ्या दोघांनाही पडल्या. चहा झाला. औशाच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की तासभर दोघंही दाबणाऱ्या बोटाबद्दलच बोलत होते. एकाच्या लेखी बोट अडाणी, दुसऱ्याच्या लेखी बेफिकीर. तो पडदा कुणीतरी बसून आखलेला असतो, त्यावरचं वाक्य कुणीतरी लिहिलेलं असतं, 'हो' ठळक आणि 'नाही' फिकट कुणीतरी ठरवून केलेलं असतं, याचा उल्लेखसुद्धा नाही. कर्जखतावरच्या अंगठ्याची चौकशी करायची आणि खत लिहिणाऱ्याला तोवर पान खायला बाहेर पाठवायचं, तसला प्रकार.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॅमेऱ्याची परवानगी मागणारा पडदा कसा आहे हे 'हो' दाबून कळत नाही, कारण 'हो' दाबल्यावर सगळेच गोड वागतात. 'नाही' दाबून बघावं. त्यानंतर काम दुसऱ्या वाटेने होतं का? ती वाट कुणी दाखवतं का? उद्या मन बदललं तर परत येता येतं का? या तिन्हींचं उत्तर नाही असं असेल तर त्या पडद्यावर 'परवानगी' हा शब्द लिहायचा कुणाला हक्क नाही. ती अट आहे. अट घालण्यात गैर काहीच नाही, एसटीत बसायला तिकीट ही अटच असते. पण कंडक्टर 'आपण तिकीट काढण्यास अनुमती देता का?' असं विचारत नाही.

हे मला सुचलं ते आमच्या आत्यामुळे. आत्याचं वय त्रेसष्ट, गाव औसा तालुक्यात, मुलगा चाकणला कंपनीत. त्याने फोनवरून सांगितलं, घरबसल्या बँकेत खातं निघतं, शाखेत हेलपाटा नको. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ओळख पटवायला मुभा दिली तेव्हापासून ही सोय आहे आणि सोय खरंच चांगली आहे. एका दुपारी ओसरीवर बसून आम्ही ते ॲप उघडलं. नाव झालं, आधार झालं, ओटीपी झाला. मग फोनने कॅमेऱ्याचं विचारलं. मी म्हणालो, 'फक्त या वेळी' दाबा. आत्याने दाबलं, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर तिचाच चेहरा आला. खालून दिसणारी हनुवटी, उघडं डोकं, मागे दोरीवर वाळत घातलेली लुगडी. "आगं माय! माझं थोबाड कामून दिसूलालंय ह्यात?" म्हणत तिने फोन सोयाबीनच्या पोत्यावर पालथा घातला. ॲप बंद केलं, पाणी प्यालो, पुन्हा उघडलं. परत तोच प्रश्न आला तेव्हा आत्या पदर सारखा करत होती. "थांब की रे जरा," म्हणत तिने 'नाही' दाबलं. प्रश्न पुन्हा आला. सून न्हाणीतून बाहेर येत होती, म्हणून आत्याने पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा प्रश्न आलाच नाही. इंग्रजीत एक ओळ आली, खाली एक बटण, ते दाबलं की ॲप बंद. आत्याचा माझ्यावरच राग. "नाही म्हणलं म्हणजे काय कायमचंच नाही का? थांब म्हणलं मी त्याला."

मी एवढा वेळ आत्याला शिकवत होतो, आणि शेवटी धडा तिने दिला. आपल्या बोलण्यात 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये केवढा मोठा मुलूख आहे. थांब जरा. बघू. आत्ता नको. ह्यांना विचारून सांगते. (सोयरिकीत 'कळवतो' म्हणजे काय हे तर सगळ्यांनाच कळतं.) पाहुणा दारात उभा राहून 'येऊ का?' म्हणाला, आतून 'थांबा हं' असा आवाज आला, तर तो कायमचा घरी निघून जात नाही आणि दार ढकलून आतही येत नाही. चपला काढत, घसा खाकरत उभा राहतो. हा साधा शिष्टाचार कुठल्या ॲपमध्ये दिसतो?

आता फोन बनवणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. २०१५ पर्यंत अँड्रॉइडवर ॲप उतरवतानाच परवानग्यांची एकगठ्ठा यादी पुढे यायची. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर ॲप विसरा. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ठिकाण, संपर्क हे वेगवेगळे आणि ज्या त्या वेळी विचारले जाऊ लागले. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत 'फक्त या वेळी' आलं, आणि त्याच आवृत्तीपासून दोनदा नकार मिळाला की फोन त्या ॲपला तो प्रश्न पुन्हा काढू देत नाही. हा नियम माणसाच्या बाजूनेच केलेला आहे. 'नाही' म्हटलेलं असताना दहा वेळा दार वाजवणाऱ्यांचा बंदोबस्त त्याने होतो. आत्याची फसगत या नियमाने केली नाही. नियमाला धरून पुढे काय करायचं, याचा ॲप बनवणाऱ्याने विचार केला नव्हता, तिथे गाडी अडली. कॅमेरा उघडण्याआधी 'आता तुम्ही स्वतः पडद्यावर दिसाल, तयार झालात की सांगा' असा एक पडदा त्याने ठेवला असता, तर फोनचा प्रश्न येईपर्यंत पदर डोक्यावर असता. नकारानंतर 'शाखेतही खातं काढता येईल' एवढं मराठीत सांगितलं असतं, तरी भागलं असतं.

आणि मुळात फोन विचारतो तरी काय? एवढंच, की या ॲपला फोटो आणि व्हिडिओ काढू द्यायचे का. फोटो कुठे जाणार, कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, चेहरा दुसऱ्या कशाशी पडताळणार का, हे फोनला माहीतच नसतं. आयफोनवर २०१६ पासून ॲपवाल्याला कारणाचं एक वाक्य लिहावंच लागतं, नाहीतर कॅमेऱ्याला हात लावताच ॲप कोसळतं. अँड्रॉइडच्या प्रश्नात तेवढीही जागा नाही, कारण सांगायचं तर ॲपने स्वतःच्या पडद्यावर सांगायचं. म्हणजे संमती दोन आहेत. एक कॅमेरा उघडायची, दुसरी निघालेल्या फोटोचं पुढे काय करायचं याची. बोट मात्र एकदाच दाबलं जातं आणि दोन्ही दिल्या असं धरलं जातं. तुरीच्या शेंगांचा फोटो काढायला आणि माझ्या सुनेचा चेहरा टिपायला एकच कॅमेरा लागतो, प्रश्नही तोच येतो. दोन्हींत काही फरक आहे की नाही?

वैद्यकात ही गल्लत फार पूर्वी पकडली गेली. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका रुग्णाचं गर्भाशय तिला न विचारता काढलं गेलं होतं, त्या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती होत नाही. मराठवाड्याला तर हे वेगळं समजावून सांगायला नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्या सगळ्या प्रकरणात कागदावर सही होती का, हा प्रश्न सगळ्यात छोटा होता. तिला दुसरा उपाय कुणी सांगितला होता का, नाही म्हणाली असती तर खाड्याचा दंड, आगाऊ घेतलेली उचल आणि मुकादम यांचं तिने काय केलं असतं, हे खरे प्रश्न होते. फोनवरचा फोटो आणि पोटावरचा वार यांची बरोबरी मी करत नाही. पण संमतीचं नाव घेऊन निवड काढून घ्यायची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा लबाडीचा. कॅमेरा नको म्हणता, मग मेलेल्या माणसाच्या नावावर पेन्शन कोण थांबवणार? दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमा उतरवणारे कोण पकडणार? हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. एक रुपयात पीक विमा ही योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ मध्ये गुंडाळली गेली. मधल्या काळात बोगस अर्जांचे ढीग निघाले, आणि त्याची झळ खऱ्या शेतकऱ्याला बसली. ई-पीक पाहणीचंही बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो चढवू लागला आणि पेऱ्याची नोंद थेट सातबाऱ्याकडे जाऊ लागली. पूर्वी तलाठी चावडीत बसून अंदाजाने पीक लिहायचा. सोयाबीन पेरलेल्याच्या उताऱ्यावर ज्वारी दिसायची. फोनच्या कॅमेऱ्याने शेतकऱ्याच्या हातात पुरावा दिला हे कबूल करण्यात मला कमीपणा नाही. हयातीचा दाखलाही चेहरा दाखवून घरून देता येतो, ही सोय नोव्हेंबर २०२१ पासूनची. बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्याला अंगठ्याच्या यंत्रापुढे हात पुसत बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

पण या मुद्द्यातून निघतं काय? कॅमेरा कधी कधी गरजेचा असतो, एवढंच. विचारायची पद्धत वाईट असली तरी चालेल, असं त्यातून निघत नाही. उलट गरज जितकी खरी, तितकं ती उघड सांगायला सोपं जायला हवं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सरकारला अनुदान, लाभ, दाखले अशा काही कामांसाठी संमतीवाचूनही माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. ती बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. पण मुभा आहेच, तर मग परवानगीचं नाटक कशाला? 'या योजनेसाठी चेहऱ्याचा फोटो आवश्यक आहे. तो अमुक कामासाठी वापरला जाईल. फोटो द्यायचा नसेल तर तहसीलमध्ये अमुक कागद घेऊन या,' असं लिहावं. माणूस अट समजून घेतो. अट असून तिला विनंतीचं सोंग दिलं की त्याचा संशय येतो, आणि तो संशय पुढे चांगल्या ॲपलाही भोवतो. शिवाय कॅमेरा लावला की लबाडी संपते हेही तितकंसं खरं नाही. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढायची सक्ती जानेवारी २०२३ पासून सगळीकडे झाली, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावं लागलं की भलतेच फोटो चढताहेत, फोटोचाच फोटो काढून हजेरी लागते आहे. लबाडाला कॅमेऱ्याची वाट सापडली. नेटवर्कसाठी बांधावर हात वर करून उभी राहिलेली, हजेरी घेणारी मुकादमीण मात्र तिथेच होती.

दुसरा आक्षेप त्या ॲपवाल्या गृहस्थांचा. जास्त विचाराल तर लोक कंटाळतात, न वाचता दाबत सुटतात, म्हणजे जास्त संमतीतून कमी संमती. हे शंभर टक्के खरं आहे. युरोपात २०१८ मध्ये कडक कायदा लागू झाला आणि प्रत्येक संकेतस्थळावर 'स्वीकारा'च्या पाट्या उगवल्या. आता त्या कुणी वाचत नाही, हाताने माशी हाकलावी तशा हाकलतात. म्हणून पडदे वाढवा असं माझं म्हणणं नाहीच. निम्मे काढून टाका. एखाद्या ॲपला सातबाऱ्याचा एकच फोटो हवा असेल तर ते फोनमधल्या नेहमीच्या कॅमेऱ्याला 'एक फोटो काढून दे' असं सांगू शकतं. कॅमेरा उघडतो, माणूस फोटो काढतो, आवडला तर पाठवतो. या वाटेने ॲपला स्वतःला कॅमेऱ्याची परवानगी लागतच नाही. आधीच काढलेला फोटो द्यायचा असेल तर नव्या अँड्रॉइडवर गॅलरी सगळी न उघडता तेवढाच एक फोटो निवडून देता येतो. दुकानातला 'स्कॅनर' वाचायलासुद्धा फोनच्या स्वतःच्या सोयीने काम भागतं. हे करायला जादा खर्च नाही, फक्त आपल्याला नेमकं काय हवंय याचा विचार आधी करावा लागतो. वाटीभर साखर हवी असताना शेजारणीकडे घराची किल्ली मागायची, आणि तिने भुवया उंचावल्या की 'बाई फारच संशयी' म्हणायचं, हा कुठला न्याय?

रिझर्व्ह बँकेला हे जमलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांसाठी जे नियम आले त्यात संपर्कयादी, फायली, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही असं सांगितलं. कॅमेरा मात्र ओळख पटवण्यापुरता, एकदाच, आणि उघड संमती घेऊन. 'एकदाच' हा शब्द किती मोलाचा आहे बघा. तो नियमात बसतो, तर पडद्यावर का बसू नये?

वकीलसाहेबांचा प्रबोधनाचा मुद्दा राहिला. शिकलेल्या माणसांना हा मुद्दा फार आवडतो, कारण त्यात काम दुसऱ्याने करायचं असतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं बाजारात आणून जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. तेव्हाही म्हणणारे होते की कुणबी अडाणी आहे, न समजता अंगठा देतो. पण १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला त्याने कुणब्याला साक्षर करायची वाट बघितली नाही. शेतकऱ्याचं खत गाव निबंधकासमोर लिहायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं, मग त्याच्या देखत अंगठा, असं बंधन त्याने लिहिण्याच्या बाजूवर घातलं. सरकार परकं, हेतू स्वतःचा सारा सुरळीत यावा हाही असेल, आणि कायद्यातून पळवाटाही निघाल्या. पण समजावून सांगायचं ओझं कुणी उचलायचं, हे त्यांना आपल्या चर्चेपेक्षा नीट कळलं होतं.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, तो कायदा इकडे आलाच नाही. इकडची कहाणी निराळी. घरात मराठी, दप्तरात उर्दू. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय हे ऐकायला आपल्याच माणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. त्याचे पडसाद अजून विरलेले नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. पणजोबाचं नाव असलेला कागद पणतू हातात घेऊन उभा, आणि त्याला तो वाचता येत नाही. अशा मुलखात आज पुन्हा न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठे घेतले जात असतील तर इतरांपेक्षा आपल्याला ते लवकर बोचायला हवं होतं. डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत मिळायची सोय आहे. पण मराठी म्हणजे कुठलं मराठी? 'कॅमेऱ्यात प्रवेश करण्यास अनुमती प्रदान करा' हे मी स्वतः पडद्यावर वाचलेलं आहे. कॅमेऱ्यात प्रवेश! आत्याला वाटायचं, एवढ्याशा भोकातून आत कसं शिरायचं.

त्या जागी काय लिहिता येईल, ते मी एका रात्री वहीत लिहून बघितलं. 'तुमच्या चेहऱ्याचा एक फोटो काढायचा आहे. कॅमेरा चालू झाला की तुम्ही आणि तुमच्या मागचं सगळं पडद्यावर दिसेल. तुम्ही पाठवा दाबेपर्यंत फोटो या फोनबाहेर जाणार नाही. कॅमेरा चालू करू का?' खाली तीन बटणं, तिन्ही सारख्याच आकाराची: 'चालू करा', 'थोडं थांबा', 'फोटोशिवाय कसं करायचं ते सांगा'. सगळे मिळून चाळीसेक शब्द. आणि बाजूला कर्ण्याचं चिन्ह, दाबलं की हेच वाक्य ऐकू येईल. वाचता न येणारी माणसं व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून संसार चालवताहेत, मग परवानगीच तेवढी मुकी का?

आक्षेप घेणारे म्हणतील, 'पाठवा दाबेपर्यंत फोटो बाहेर जाणार नाही' हे लिहिणं सोपं, खरं कशावरून? बरोबर. म्हणूनच ते लिहून घ्यायचं. लिहिलेलं खोटं ठरलं तर पकडता येतं. 'उत्तम अनुभवासाठी' असल्या वाक्यात पकडण्याजोगं काहीच नसतं.

दिलेली परवानगी काढून घेण्याबद्दल थोडक्यात. कायदा सांगतो, संमती द्यायला जितकं सोपं तितकंच ती मागे घ्यायलाही सोपं असावं. द्यायला एक टिचकी. काढून घ्यायला सेटिंग, मग ॲप्स, मग यादीतून ते ॲप, मग परवानग्या, मग कॅमेरा, मग 'नाही'. कॅमेरा चालू असताना फोनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. आयफोनवर २०२० पासून, अँड्रॉइडवर त्याच्या पुढच्या वर्षापासून. कल्पना फार चांगली, पण सांगितलं कुणाला? आत्याला विचारलं तर म्हणाली, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. बिस्किटाच्या पुड्यावर तिला तेच शिकवलंय.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्याचं सरळ उत्तर माझ्याकडेही नाही. फोन कुणाचा? परवानगी देणारा एक माणूस, त्याचा एक फोन, असं सगळे पडदे धरून चालतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात ५४ टक्के होतं. बाकीच्यांचा फोन घराचा; सकाळी नवऱ्याकडे, दुपारी पोराच्या हातात, संध्याकाळी तिच्याकडे. पोराने खेळताना दिलेली परवानगी रात्री तिलाही लागू. टाळेबंदीत लातूरच्या खोल्यांमधून नीटच्या सराव परीक्षा देणाऱ्या मुलींनी समोर कॅमेरा चालू ठेवला तेव्हा पाठीमागे कॉटवर झोपलेली मैत्रीणही चौकटीत आली. तिला कुणी विचारलं? आणि सेवा केंद्राचं तर विचारूच नका. माझा चुलतभाऊ असं केंद्र चालवतो. बाहेर तीस माणसं, सर्व्हर डुलक्या काढतोय, एकीच्या कडेवर रडणारं लेकरू. तो सगळ्यांच्या वतीने धडाधड 'हो' दाबतो, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. त्याला मी दोष देत नाही. पण तिथे संमती बोटाची आहे आणि बोट त्याचं आहे. निदान फोटोपुरतं तरी पडदा समोरच्या माणसाकडे वळवावा, फोनने तो प्रश्न मोठ्याने बोलावा आणि शेवटचं बटण ज्याचा चेहरा आहे त्याने दाबावं, एवढं ॲप बनवतानाच ठरवता येईल. माणशी दहा-पंधरा सेकंद जातील. सर्व्हरची वाट बघण्यात त्याहून जास्त जातात.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, याला कारण आहे. कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत आहे. याच मुदतीत सगळीकडे नवे पडदे आखले जाणार. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या रचनांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच तेरा प्रकारांची यादी काढलेली आहे. पिच्छा पुरवणं, नको ते करायला भाग पाडणं, नकार देणाऱ्याला लाज वाटेल असं लिहिणं, सगळं त्यात आहे. ती धंदा करणाऱ्यांसाठी आहे. सरकारी ॲप विकत घेताना तीच फूटपट्टी निविदेत एका ओळीने घालता येईल: परवानगी नाकारून, आणि एकदा थांबवून, काम कुठपर्यंत जातं ते औसा किंवा जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी, तिथल्याच माणसांच्या हाती फोन देऊन दाखवा, मग बिल काढू. जिल्हा परिषदेने रस्त्याचं बिल काढण्याआधी डांबराची जाडी मोजायची असते. मोजतात की नाही ते सोडा, पण मोजायची असते हे तरी सगळ्यांना मान्य आहे.

आत्याचं खातं अखेर निघालं. एसटीने औशाला गेलो, शाखेत अर्ज घेतला, त्यावर चिकटवायला दोन फोटो हवे होते. बाजारातल्या जुन्या स्टुडिओत गेलो. दाराशी भिंतीवर आरसा, खाली दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. आत्याने आरशात बघून पदर घेतला, कुंकू सारखं केलं, स्टुलावर बसली. फोटोवाला म्हातारा कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, "काढू का, बाई?" आत्या म्हणाली, "थांबा." त्याने कॅमेरा खाली घेतला आणि पंख्याचं बटण बंद करायला गेला, पदर उडत होता म्हणून.